पंचनाम्यानंतरचे कासव

कोकणातील कासव म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वेळासचा किनारा उभा राहतो. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने तेथे सागरी कासवांच्या घरट्यांच्या रक्षणाचा जो उपक्रम आरंभिला, त्याने ग्रामस्थांचे मन वळविले आणि पर्यटकांची रीघ लागली. परंतु गोड्या पाण्यातील व जमिनीवरील कासवांच्या वाट्याला, जगातील सुमारे 360 कच्छप-जातींपैकी निम्म्याहून अधिक संकटग्रस्त ठरल्या असतानाही, असे भाग्य क्वचितच आले.

पनवेल हे तळ्यांचे गाव. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे ही नावे जुन्या पनवेलकरांच्या तोंडी सहज येतात, आणि माथेरानच्या डोंगरांतून उतरणारी गाढी नदी गावाजवळून वाहते. अशा तळ्याडोहांत राहणाऱ्या मऊ पाठीच्या कासवाचा स्वभाव असा, की पाणी आटू लागले म्हणजे ते गाळात स्वतःला पुरून घेते आणि पावसाची वाट पाहत निश्चल पडून राहते. नेमकी त्याच दिवसांत तळी साफ करण्याची निविदा निघते, पोकलेन उतरते, आणि गाळाबरोबर गाळातला जीवही डंपरमध्ये भरला जातो. (जागतिक कासव दिन 23 मे रोजी, म्हणजे ही घाई ऐन भरात असताना, साजरा होतो.) पाठोपाठ सुशोभीकरण येते. चहूबाजूंनी सिमेंटची उभी भिंत बांधली की मादीला अंडी घालण्याजोग्या मातीपर्यंत चढून जाण्याची वाटच उरत नाही. प्राणी दीर्घायुषी असल्यामुळे वयस्क कासवे मात्र पुढे कित्येक वर्षे दिसत राहतात, आणि पिले का दिसत नाहीत हा प्रश्न कोणाला पडत नाही.

तथापि आमच्या वाचकांशी, म्हणजे वनरक्षक, पशुवैद्य आणि प्राणिमित्र यांच्याशी, आज विशेषेकरून बोलायचे आहे ते निराळ्याच गोष्टीविषयी. छाप्यात सापडलेले कासव पंचनामा होऊन मुद्देमाल म्हणून ताब्यात येते, न्यायालयाचा हुकूम होतो, आणि मग जवळचे पाणी किंवा जवळचे रान पाहून ते सोडून देण्याचा मोह अनावर होतो. छायाचित्रही चांगले येते. पण स्टार कासव हा वायव्येकडील व दक्षिणेकडील कोरड्या माळांचा आणि झुडपी जंगलांचा प्राणी आहे. कर्नाळ्याच्या ओल्या रानात, कोकणच्या चार महिन्यांच्या पावसात, त्याच्या नाकातून पाणी गळू लागते, डोळे सुजतात, तोंड उघडे ठेवून ते श्वास घेऊ लागते, आणि ही फुप्फुसदाहाची लक्षणे पाहण्यास कोणी तेथे पोहोचेल तोवर ते पालापाचोळ्यात दिसेनासे झालेले असते. 2019 साली जिनिव्हा येथे 'साइटिस' ह्या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आणि 1 एप्रिल 2023 पासून आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ज्यास स्थान मिळाले, त्या प्राण्याची अशी बोळवण आम्हांस अक्षम्य वाटते. लीथचे कासव तर दख्खनच्या नद्यांचे आणि अतिसंकटग्रस्त. त्याच्या पिलाच्या पाठीवर डोळ्यांसारखे चार-सहा ठिपके असतात. ते न निरखता, सर्वसाधारण मऊ पाठीचे समजून ते गाढीत सोडणे म्हणजे कृष्णा-गोदावरीचे धन आपल्याच हातांनी पाण्यात घालणे होय. आणि हौस फिटल्यावर लोक खोक्यात घालून आणून देतात ते लाल कानाचे कासव मूळचे मिसिसिपी खोऱ्यातले; ते कोणत्याही तळ्यात कदापि सोडू नये.

वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पडतो ह्या भोंदू मांत्रिकांच्या बतावणीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. मऊ पाठीच्या कासवाच्या प्रत्येक पायाला तीनच नखे, म्हणजे एकंदर 12. स्टार कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच व मागच्या पायांना चार-चार, म्हणजे 18. हा हिशेब पंचनाम्याभोवती जमलेल्या गर्दीस मोठ्याने सांगावा.

ताब्यात आलेल्या प्रत्येक कासवाची जात, वजन, कवचाची लांबी आणि ते कोठून आणले गेले ह्याविषयीचा जबाब दप्तरी नोंदवावा. त्यास इतर कासवांपासून विलग ठेवावे. मूळ प्रदेश निश्चित होऊन प्रकृतीचा दाखला मिळेपर्यंत मोकळे करू नये, आणि न्यायालयाकडे अर्ज करताना तेवढी मुदत स्पष्ट शब्दांत मागून घ्यावी. पनवेलच्या मंडळींनी, पुढचा गाळ निघण्यापूर्वी, महानगरपालिकेस एवढे लेखी द्यावे, की तळ्याचा एक तरी काठ मातीचा व उतरता राहू द्यावा, आणि यंत्र तळात उतरण्याच्या आधी गाळ चाचपून पाहण्यास जाणत्या माणसांस बोलवावे. त्या अर्जाची प्रत आमच्याकडे धाडल्यास ती आम्ही पुढील अंकात छापू.