खोगीरभरती : एका बदनाम शब्दाची बाजू

१/ साखरखेर्डा, तालुका सिंदखेडराजा, जिल्हा बुलढाणा. ऑक्टोबर १७२४ मध्ये या गावाजवळ निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला आणि दख्खनेत निजामाचा पाय रोवला गेला. पाठ्यपुस्तके एवढे सांगून पुढे जातात. त्या रानात घोडी कोणत्या खोगिराखाली धावली आणि कोणत्या लगामाने वळली, हे सहसा कोणी विचारत नाही.

२/ निदान या तालुक्यात तरी हा प्रश्न अस्थानी नाही. सिंदखेड हे जिजाऊंचे माहेर, लखुजी जाधवरावांचे ठाणे. अशा घराण्यांचे राजकीय वजन पदरी असलेल्या घोडेस्वारांच्या संख्येने ठरत असे. पाठ सोललेला घोडा त्या संख्येतून वजा होतो. तलवारीला धार लावता येते. घोड्याची पाठ भरून यायला कित्येक आठवडे लागतात.

३/ घोड्याचा कणा माणसाला पेलण्यासाठी घडलेला नाही. स्वाराचा भार कण्याच्या दोन्ही अंगांच्या स्नायूंवर पसरला पाहिजे आणि मधोमध, बरोबर कण्यावर, पोकळी राहिली पाहिजे. खोगीर अरुंद असेल तर ते खांद्यामागच्या उंचवट्याला चिमटते. फार रुंद असेल तर खाली बसून थेट हाडावर टेकते. तंग ढिला राहिला की खोगीर घासते, अति आवळला की कातडी सोलते.

४/ हा भार मऊ करते ती खोगिराच्या आत कोंबलेली भरण : लोकर, काथ्या, जुन्या चिंध्या. मराठीने मात्र या भरणीची टवाळी केली. खोगीरभरती म्हणजे निरुपयोगी माणसांचा भरणा, असा अर्थ रूढ झाला. ज्याने हा अर्थ रूढ केला, त्याने खोगीर कधी उसवून पाहिले नसावे. भरणीचा एखादा गोळा झाला तरी तो कोसन्‌कोस खड्यासारखा रुतत राहतो. ती वेळोवेळी काढून, पिंजून, पुन्हा सारखी भरावी लागते. चिंध्या क्षुल्लक खऱ्या, पण घोड्याची पाठ त्यांच्यावरच अवलंबून असते.

५/ शिवकालीन व्यवस्थेला याची जाण होती. सभासद बखर सांगते की पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. पावसाळी छावणीत दाणा, वैरण, औषधे आणि घोड्यांसाठी शाकारलेली घरे यांची तजवीज असे. चिपळूणजवळ हलवर्ण येथील लष्कराला शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. आता वैरण उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय. दिव्याची पेटती वात उंदराने पळवली तर गंजीला आग लागेल, इथपर्यंत त्यात विचार आहे.

६/ याला भूतदया म्हणावे का? पूर्णपणे नाही. त्या पत्रामागे राज्याचा हिशेब आहे आणि रयतेला उपद्रव होऊ नये ही चिंताही आहे. शिवाय १७६१ साली पानिपतावर याच मराठ्यांची घोडी उपासमारीने खंगली होती. भूतकाळाला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. पण केवळ हिशेबी माणसालाही जे कळले होते, ते आजच्या हौशी माणसाला कळत नसेल तर ते अधिक लाजिरवाणे आहे.

७/ आता तोंडाकडे वळू. खालच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. लगामाची कडी तिथेच बसते. तिथे पातळ त्वचेखाली लगेच हाड लागते. गुळगुळीत कडी आणि हलका हात असेल तर बोटाचा इशारा पुरतो. काटेरी लगाम असेल तर तोच इशारा जीभ फाडतो.

८/ ग्रीक लेखक झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर लिहिले. जबरदस्तीने करून घेतलेली हालचाल घोड्याला समजत नाही आणि ती सुंदरही दिसत नाही, असे त्याचे मत. तरीही तो खरखरीत कडीही वापरायला सांगतो. चांगल्या शिक्षकाच्या हातूनही ही तडजोड होत आली आहे. आपल्याकडे तर घोडा फिरवून तयार करणाऱ्याला ‘चाबूकस्वार’ म्हणत. शिक्षणाची ओळखच चाबकाने व्हावी!

९/ आणि आजचे काय? प्राण्यांकडून ओझी वाहून घेण्यासंबंधीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी काटेरी लगाम निषिद्ध केला आहे. तरीही वरातींत आणि मिरवणुकांत तो आढळतो. मान वर ताणलेला, तोंड वासलेला, फेस गाळत जागच्या जागी नाचणारा घोडा पाहून लोक त्याला तेजस्वी म्हणतात. मावळ्याच्या वेषातला स्वार त्यावर बसून इतिहास जिवंत केल्याचे समाधान मानतो. पुष्कळदा ते तेज नसते, वेदना असते.

१०/ काट्यांशिवाय घोडा आवरत नाही, हा युक्तिवाद नेहमीचा. तो उलटाच आहे. वेदनेपासून पळणे हा घोड्याचा स्वभाव. तोंड दुखले की तो मान उडवतो, उधळतो, आणि मग आणखी तीक्ष्ण काटे शोधले जातात. लगाम ताणावा आणि घोड्याने किंचित ऐकताच ढिला सोडावा. हे ढिले सोडणेच त्याचे बक्षीस, त्यातूनच तो शिकतो. यासाठी वेळ लागतो. वरातीसाठी तासाने घोडा देणाऱ्याकडे तोच नसतो.

११/ ज्याला पारख करायची आहे त्याने खोगीर उतरताच घोड्याची पाठ पाहावी. घामाने भिजलेल्या पाठीवर मध्येच कोरडा डाग दिसला, तर तिथे खोगीर रुतत असण्याची शक्यता असते. खांद्यामागे, गडद रंगाच्या केसांत पांढऱ्या केसांचा ठिपका असेल तर तो बहुधा जुन्या जखमेचा. कातडी भरून आली तरी तिथले केस पुन्हा मूळ रंगाचे उगवत नाहीत.