ओटा आणि फडताळ

मराठी शिकवणाऱ्या माणसाने कॉम्प्युटरच्या दुखण्यावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आजच्या दुखण्याचे अर्धे मूळ भाषेत आहे, तेव्हा ते माझ्याही कक्षेत येते असे मी धरून चालतो.

दुखणे घरोघरचे आहे. घरातला कॉम्प्युटर एके दिवशी रेंगाळू लागतो. एखादे पान उघडायला सांगावे, तर चहा होतो, तो पिऊनही होतो, आणि पान काही उघडत नाही. शेवटी पडद्यावर पाटी झळकते : मेमरी कमी आहे, काही प्रोग्रॅम बंद करा. आता 'मेमरी' म्हणजे स्मृती, हे आपण शाळेत घोकलेले. स्मृती कमी पडते म्हणजे यंत्राच्या डोक्यात आठवणींची गर्दी झाली, असा सरळ अर्थ माणूस लावतो आणि आठवणी पुसायला बसतो. यंत्रातल्या आठवणी म्हणजे काय? मुंजीचे फोटो, परदेशी गेलेल्या लेकीची पत्रे, गॅदरिंगच्या चित्रफिती!

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. सारी इमारत त्यांना नाना म्हणते. मागच्या उन्हाळ्यात त्यांचे यंत्र असेच कुरकुरू लागले. मुलाने पुण्याहून फोनवर सांगितले, "मेमरी भरली असेल, बाबा. जुने काहीतरी काढून टाका." संध्याकाळी नाना माझ्या दारात उभे. म्हणाले, "प्रोफेसर, जरा येता का? साडेचार हजार फोटो आहेत. त्यांत हिचे शेवटच्या गणपतीतले आहेत. शिवाय हिने म्हटलेली भोंडल्याची गाणी आहेत. आधी काय काढू, ते तुम्हीच सांगा. माझा हात होत नाही."

वाचकहो, नानांनी ते साडेचार हजार फोटो आणि ती गाणी पुसून टाकली असती, तरी त्यांच्या यंत्राचा वेग होता तेवढाच राहिला असता. नुकसान मात्र कायमचे झाले असते. म्हणून हा लेखप्रपंच.

कॉम्प्युटरमध्ये दोन जागा असतात आणि बोलताना आपण दोन्हींना 'मेमरी' म्हणतो. सारा घोटाळा इथे आहे. स्वयंपाकघराचेच उदाहरण घेऊ. एक फडताळ असते आणि एक ओटा. फडताळात वर्षाचे गहू, डाळी, लोणच्याच्या बरण्या मुकाट बसलेल्या असतात. ओट्यावर फक्त आत्ता चाललेले काम मांडायचे. कॉम्प्युटरचे फडताळ म्हणजे डिस्क. फोटो, पत्रे, गाणी तिथे राहतात आणि वीज गेली तरी जागची हलत नाहीत. ओटा म्हणजे 'रॅम'. आपण जो प्रोग्रॅम उघडतो, तो फडताळातून काढून ओट्यावर मांडला जातो. काम संपले की ओटा पुसायचा. पाटीवर जी मेमरी कमी असते, ती ओट्याची. फडताळातली लोणच्याची बरणी फेकून ओट्यावर जागा होईल का?

या रॅमचा स्वभावही मजेदार आहे. आज घरोघरी असलेल्या रॅमची मूळ कल्पना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांची, १९६६ सालची. तिच्यातला प्रत्येक अंक म्हणजे एक इवलासा विद्युत्‌भार असतो आणि तो सतत गळत असतो. म्हणून यंत्राला साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, सगळे पुन्हा लिहून ठेवावे लागते. परीक्षेच्या दाराशी उभे राहून घोकणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. ही त्यांच्याच जातीची. वीज गेली की पाटी कोरी! अशा घोकंपट्टीला 'स्मृती' हा भारदस्त शब्द देणाऱ्यांनीच नानांसारख्यांना फसवले, असे माझे भाषाशिक्षक म्हणून मत आहे.

ओटा भरला की काय होते? दिवाळीच्या आधीचा दिवस आठवा. ओट्यावर चकलीचा सोऱ्या आहे, करंज्यांचा पोळपाट आहे, चिवड्याची परात आहे, आणि तेवढ्यात शंकरपाळ्यांचे पीठ आले. गृहिणी परात उचलून माजघरात ठेवते आणि लागेल तेव्हा पुन्हा आणते. कॉम्प्युटरही हेच करतो. ओट्यावरचे काही सामान तो तात्पुरते डिस्कवरच्या एका राखीव फाइलीत नेऊन ठेवतो. ही युक्ती जुनी आहे. मँचेस्टरच्या 'ॲटलास' या कॉम्प्युटरात १९६२ साली ती वापरली गेली. मात्र माजघर लांब असते आणि ओटा फारच लहान असला, तर सगळा वेळ हेलपाट्यांत जातो आणि करंजी एकही तळून होत नाही. १९६८ साली पीटर डेनिंग यांनी या हेलपाट्यांची कारणमीमांसा करणारा निबंध लिहिला. आपला कॉम्प्युटर चहा होईपर्यंत थांबतो, तो अनेकदा याच हेलपाट्यांमुळे.

आता उपाय. बहुतेक घरांत 'विंडोज' असते, म्हणून तिच्यापुरतेच सांगतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातल्या 'परफॉर्मन्स' या सदराखाली 'मेमरी' पाहावी. नेहमीची कामे उघडी असताना आकडा सतत शेकडा ८५-९० च्या वर राहत असेल आणि यंत्रही अडखळत असेल, तर ओटा खरोखरच अपुरा आहे. आकडा निम्म्यावर दिसला म्हणून मात्र घाबरू नये. थोडे सामान हाताशी ठेवणे ही यंत्राची चांगली सवय आहे.

मग 'प्रोसेसेस' या सदरात जाऊन 'मेमरी' या मथळ्यावर टिचकी मारावी. सर्वांत जास्त जागा अडवणारा प्रोग्रॅम यादीत वर येतो. नानांकडे वर आला तो ब्राउझर. त्यात तेवीस पाने उघडी होती : पंचांग, बँक, तीन वर्तमानपत्रे, गुडघेदुखीवरचे लेख आणि पुन्हा पंचांग. उघडे प्रत्येक पान ओट्यावरची एक परात असते. नको ती पाने बंद करावी, हवी ती खुणेच्या यादीत टिपून ठेवावी. ब्राउझरला जोडलेली, कोणी कधी मागवली हे आठवत नाही अशी उपकरणेही काढून टाकावी. यंत्र सुरू होताच न बोलावता येऊन बसणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी 'स्टार्टअप' या सदरात मिळते. त्यांतले ओळखीचे आणि बिनगरजेचे बंद करावे. अनोळखी नावाला आणि विषाणूरोधकाला हात लावू नये. एखाद्या प्रोग्रॅमचा आकडा काही न करताच तासातासाला फुगत असेल, तर त्यात दोष आहे असे समजावे. आपले लिखाण जतन करून तो बंद करावा आणि त्याची नवी आवृत्ती घ्यावी.

आणखी एक गंमत. पुष्कळ लोक रोज रात्री 'शट डाउन' करतात आणि यंत्राला पुरती विश्रांती मिळाली असे मानतात. पण २०१२ च्या विंडोज ८ पासून लवकर सुरू होण्याची जी सोय आली, तीत यंत्र आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि सकाळी तीच उचलते. ओटा खरा धुऊन निघतो तो 'रीस्टार्ट' केल्यावर. आठवड्यातून एकदा ते करावे.

डिस्कचा यात काहीच संबंध नाही का? थोडा आहे. डिस्क अगदी काठोकाठ भरली, तर सामान नेऊन ठेवायला माजघरही उरत नाही. म्हणून तिथे थोडी मोकळीक ठेवावी. त्यासाठी 'रीसायकल बिन'मधला कचरा, एकदा उघडून विसरलेल्या फाइली आणि तात्पुरत्या फाइली काढाव्या. घरच्या फोटोंची पाळी येऊच नये. आलीच, तर आधी त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवावी आणि ती उघडून पाहावी. 'एका टिचकीत मेमरी वाढवा' म्हणणारे प्रोग्रॅम तर मुळीच घेऊ नयेत. ते ओट्यावरचे सामान घाईने माजघरात लोटतात. क्षणभर ओटा लख्ख दिसतो आणि मग हेलपाटे दुप्पट.

एवढे करूनही भागले नाही, तर ओटा वाढवावा. विंडोज ११ ची किमान अट ४ गिगाबाइट रॅमची आहे. पण तेवढ्यात ती जेमतेम बसते. साध्या घरकामाला ८ बरे. मात्र दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्या. डीडीआर ३, ४ आणि ५ या पट्ट्यांच्या खाचा निराळ्या असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. काही लॅपटॉपांत रॅम कायमची डाखलेली असते, ती वाढवता येत नाही. आणि यंत्रावरची विंडोज जुनी, ३२ बिटांची असेल, तर ४ गिगाबाइटांपलीकडची जागा तिच्या घरगुती आवृत्तीला वापरताच येत नाही. २०२५ च्या अखेरीस या पट्ट्यांचे भाव भडकले, तेव्हा बिनपैशांचे उपाय आधी करून पाहिलेले बरे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' या कॉम्प्युटरची मेमरी, आजच्या मापाने, जेमतेम १० किलोबाइटांची होती. त्यावर आपल्या शास्त्रज्ञांनी गंभीर गणिते सोडवली. आज ८ गिगाबाइटांचे यंत्र, म्हणजे त्याच्या आठ लाख पटींहून मोठा ओटा, आपल्याला अपुरा पडतो! संसारातही ओटा केवढाही बांधा, सामान त्याला पुरून उरतेच. त्याला इलाज नाही.

दिवाळीची साफसफाई अजून चालू असेल, तर तीत अर्धा तास या यंत्रालाही द्यावा. आणि पडद्यावर ती पाटी पुन्हा झळकली, तर परात उचलावी. फडताळातल्या बरण्या आहेत तिथेच असू द्याव्या.