मडगार्ड काढल्याने पल्ला कमी होतो काय ?

सायकलींच्या मोठ्या दुकानात फेरफटका मारला असता एक गोष्ट सहज ध्यानात येते : किंमत जसजशी वाढत जाते तसतसे सायकलीवरील सामान कमी होत जाते. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीला मडगार्ड असते, कॅरिअर असते, स्टँड असतो, चेनकव्हर असते, घंटी तर असतेच. तिच्या दहापट किमतीच्या ‘रोड बाइक’ला यांपैकी काहीही नसते; अतिमहाग सायकलींना तर पायटेसुद्धा वेगळे विकत घ्यावे लागतात. वस्तूच्या अभावासाठी जादा पैसे मोजण्याचा हा प्रकार अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला कुतूहलाचा वाटावा असा आहे. केवळ श्रीमंतांच्या हौसेचा हा प्रश्न असता तर त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत लांब पल्ल्याच्या सायकलसफरींचा नाद शिक्षक, कारकून, महाविद्यालयीन तरुण यांच्यातही चांगलाच रुजला आहे. पगारातून दरमहा काही बाजूला टाकून अशी सायकल घेणाऱ्याची, पहिल्याच पावसात पाठीचा आणि पायमोज्यांचा चिखल झाल्यावर, आपली फसगत झाल्याची भावना होत असेल तर तीत वावगे काय ?

या सफरींना फ्रेंच भाषेतून आलेला ‘ब्रेव्हे’ हा शब्द रूढ आहे. पॅरिसच्या ‘ओडॅक्स क्लब पॅरिसियन’ या १९०४ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या नियमांनुसार त्या जगभर भरवल्या जातात, मुंबई-पुण्याकडेही भरतात. अंतरे ठरलेली आहेत आणि वेळाही ठरलेल्या आहेत. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. या सर्वांचे माहेरघर म्हणजे दर चार वर्षांनी भरणारी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची सफर. तिच्यासाठी जास्तीत जास्त ९० तास मिळतात. भागाकार करून पाहावा : कोठेही ताशी पंधरा किलोमीटरांहून अधिक सरासरीची मागणी नाही, आणि त्या वेळात जेवण, झोप, पंक्चर सारे काही आले. पहिला कोण, दुसरा कोण याला येथे स्थान नाही. वेळेत पोहोचणारा प्रत्येक जण सारखाच यशस्वी. अर्थात येथे कस लागतो तो टिकण्याचा. ऊन, पाऊस, रात्र आणि वाईट रस्ता यांतून माणूस आणि यंत्र दोन्ही शाबूत बाहेर पडली पाहिजेत. या कामासाठी योग्य सायकल कोणती, एवढाच आपला प्रश्न आहे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, तिला पूर्ण लांबीची मडगार्डे आणि निदान ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर असले पाहिजेत, आणि ज्या सायकलीत ती बसवण्यास जागाच नाही ती लांब पल्ल्यासाठी म्हणून विकली जाऊ नये.

हे मत नवे नाही, आणि मागासलेलेही नाही. १८९१ साली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस प्रथम भरली तेव्हा ती शर्यतच होती. शार्ल तेराँ याने ती सुमारे ७१ तासांत जिंकली, आणि या विजयात मिशेलिन बंधूंच्या, पंक्चर झाल्यास सहज काढता येणाऱ्या हवेच्या टायरांचा वाटा मोठा होता. तीनच वर्षांपूर्वी बेलफास्टच्या डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला होता. सायकलीच्या वेगाच्या इतिहासातील ही क्रांती मुळात धक्के शोषून घेण्यातून झाली, ही गोष्ट पुढे ध्यानात ठेवावी लागेल. पुढे सेंत-एत्येन येथे ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारे पॉल द विवी यांनी रुंद, लवचिक टायर आणि गिअर यांचा आयुष्यभर पुरस्कार केला. याच काळात टूर द फ्रान्सचे चालक आन्री देग्रांज यांनी मात्र गिअर बदलण्याच्या साधनांना शर्यतीत मज्जाव केला होता. घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक उलटे बसवायचे, म्हणजे दुसऱ्या बाजूचे दातेचक्र उपयोगी पडते, असा उद्योग तेथील वीर करीत असत. ती बंदी उठली १९३७ साली. हौशी प्रवासी ज्या साधनाने आरामात घाट चढत होते ते जगातील सर्वोत्तम शर्यतपटूंना कित्येक वर्षे नियमानेच नाकारलेले होते. शर्यतीतील सायकल हीच सायकलीची सर्वोच्च अवस्था, असे मानणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा.

फ्रान्समध्ये १९३० आणि १९४० च्या दशकांत सायकलींच्या तांत्रिक परीक्षा होत असत. खडबडीत डोंगरी रस्त्यांवरून शेकडो किलोमीटर दौडवून वजन आणि टिकाऊपणा या दोहोंसाठी गुण दिले जात. त्या परीक्षांतून मडगार्ड, दिवे, सामानाची चौकट आणि रुंद टायर यांसह दहा किलोच्या आसपास वजनाच्या सायकली तयार झाल्या. पॅरिसच्या रने एर्स यांच्यासारख्या कारागिरांच्या त्या सायकली आजही जाणकार जपून ठेवतात. त्यांची मडगार्डे ॲल्युमिनियमची होती, आणि ती नंतर अडकवलेली वाटत नसत. सांगाडा घडवतानाच त्यांचा विचार झालेला असे. ‘मडगार्ड म्हणजे जड आणि खडखडणारी पत्र्याची वस्तू’ ही आपली समजूत आपल्याकडील स्वस्त मडगार्डांवरून झालेली आहे, मडगार्ड या कल्पनेवरून नव्हे.

आता टायरांकडे वळू. ‘टायर अरुंद आणि हवा कडक, तेवढी सायकल वेगवान’ हा सिद्धान्त अनेक दशके निर्विवाद मानला गेला. त्याचा आधार होता प्रयोगशाळेतील गुळगुळीत पोलादी पिंप. त्यावर टायर फिरवला की हवा वाढवावी तसा रोध कमी होताना दिसतो. पण पिंपावर सायकलस्वार बसलेला नसतो आणि पिंपाला खडी नसते. खऱ्या रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खड्यावर उसळतो, ती उसळी स्वाराच्या स्नायूंत आणि हाडांत जिरते, आणि ती जिरवण्यास लागणारी शक्ती पायांतूनच आलेली असते. ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या अमेरिकेतील नियतकालिकाने २००० नंतरच्या दशकात प्रत्यक्ष रस्त्यावरील चाचण्यांतून हा मुद्दा लावून धरला, तेव्हा प्रथम त्याची टिंगलच झाली. दुसरा मुद्दा शुद्ध भूमितीचा आहे. भार आणि हवेचा दाब सारखे असतील तर टायरचा जमिनीला टेकणारा भाग क्षेत्रफळाने जवळजवळ सारखाच राहतो. अरुंद टायरमध्ये तो लांबट असतो, रुंद टायरमध्ये आखूड. लांबट भागामुळे टायरची बाजू अधिक दबते, आणि हे दबणे-फुगणे म्हणजेच शक्तीचा अपव्यय.

मग रुंद टायरची बदनामी झाली कशामुळे ? काळ्या सायकलीच्या अठ्ठावीस इंची, दीड इंच रुंद टायरचे रबर जाड, कापड भरड आणि वजन भरपूर. तो टायर संथ असतो हे खरे, पण तो जाड आहे म्हणून. त्याच रुंदीचा पातळ, तलम धाग्यांचा टायर वेगळ्याच जातीचा असतो. रुंदी आणि जडपणा यांची ही गल्लत दुकानदारही करतात आणि गिऱ्हाईकही. खुद्द शर्यतपटूंनी मात्र ती सोडून दिली आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते २०-२३ मिलिमीटरच्या टायरांवर धावत होते. आज २८ मिलिमीटर आणि त्याहून रुंद टायर ही तेथील नेहमीची गोष्ट झाली आहे, आणि पॅरिस-रुबेच्या दगडी रस्त्यांवर तर त्याहूनही पुढे मजल गेली आहे. डिस्क ब्रेक रूढ झाल्याने टायरभोवतीची ब्रेकची पकड नाहीशी होऊन जागाही मोकळी झाली.

आपल्या रस्त्यांचा विचार केला तर हिशेब आणखी एकतर्फी होतो. २३ च्या जागी ३२ मिलिमीटरचा टायर घातला की आतील हवेचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते. खड्ड्याच्या धारेवर चाक आपटून रिम आणि रस्ता यांच्या कैचीत ट्यूब सापडते व तिला दोन चिरा पडतात, हा अनुभव मुंबई-गोवा रस्त्यावर सायकल चालवलेल्या कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही. रात्री दोन वाजता, पावसात, विजेरी दातांत धरून काढलेल्या एका पंक्चरला वीस मिनिटे लागतात. अरुंद टायरने दिवसभरात काही वेळ वाचवला असे वादापुरते मान्य केले तरी तो येथे व्याजासह परत जातो. शर्यतपटूच्या मागे सुटी चाके घेतलेली मोटार असते, आणि संध्याकाळी मालीश करणारा. आपल्या कारकुनाला सोमवारी सकाळी कचेरीत बसायचे असते.

मडगार्डांविरुद्धचा मुख्य आक्षेप वजनाचा. दोन पूर्ण मडगार्डांचे वजन सातशे ग्रॅम धरू. स्वार, सायकल, पाणी, सामान मिळून ८५ किलो होतात. म्हणजे वाढ एक टक्क्याहूनही कमी. तासाभराचा घाट असेल तर तो चढण्यास यामुळे सुमारे अर्धे मिनिट अधिक लागेल. सपाटीवर फरक मोजण्यालायक नाही. वाऱ्याचा रोध थोडा बदलतो, पण वाऱ्याशी लढण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढत असल्याने ताशी चाळीस किलोमीटरने धावणाऱ्याची चिंता ताशी वीसने जाणाऱ्याने उसनी घेण्याचे कारण नाही. उलट बाजूला काय आहे ? पावसाचे पाणी वरून पडते ते स्वच्छ असते. चाक जे उडवते त्यात माती, तेल, शेण आणि बारीक खडी असते. पुढच्या चाकाचा फवारा पावलांवर आणि चेनवर, मागच्या चाकाचा कमरेवर आणि सीटवर. ओल्या, वाळूमिश्रित कपड्यांत बारा-पंधरा तास बसल्यावर मांड्यांची जी अवस्था होते ती सभ्य वृत्तपत्रात वर्णन करण्याजोगी नाही; पण सफर अर्धवट सोडण्यास असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीच कारणीभूत होतात. २००७ ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस पावसाने झोडपली, आणि निघालेल्यांपैकी जवळजवळ तीस टक्के लोक ती वेळेत पुरी करू शकले नाहीत. सर्वांचा दोष मडगार्डाच्या अभावाचा होता असे कोणी म्हणणार नाही. पण ओले, थंड आणि सोललेले शरीर घेऊन ९० तास काढणे कोणाला सोपे गेले असेल ?

येथे एक मुद्दा निव्वळ अर्थशास्त्राचा आहे. पिगू यांच्या विवेचनापासून बाह्य परिणामांची कल्पना आम्ही वर्गात शिकवतो : कारखान्याचा धूर मालकाच्या हिशेबवहीत येत नाही, तो शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येतो. मागच्या मडगार्डाची गोष्ट तंतोतंत अशीच आहे. ब्रेव्हेमध्ये वाऱ्याचा आडोसा मिळावा म्हणून स्वार एकमेकांच्या मागे हातभर अंतरावर चालतात. पुढच्याच्या मागील चाकाचे चिखलपाणी मागच्याच्या तोंडात जाते. सीटखाली अडकवायची प्लास्टिकची आखूड पट्टी आजकाल बरीच खपते. ती स्वतःची पाठ वाचवते, मागच्याचे तोंड वाचवीत नाही. खाजगी लाभ तेवढा पदरात पाडून घ्यायचा आणि सार्वजनिक भाग सोडून द्यायचा, याचे याहून सुटसुटीत उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. ब्रिटनमधील अनेक सायकल क्लबांनी हिवाळ्यातील सामुदायिक सफरींना मडगार्डाशिवाय येऊ नये असा दंडक घातला, तो सौजन्यापोटी. पूर्ण लांबीचे, खाली रबरी पट्टी लोंबणारे मडगार्ड हे मुख्यतः मागून येणाऱ्यासाठी असते.

प्रतिपक्षाचे काही मुद्दे मात्र खरे आहेत. देशावरच्या काळ्या मातीत, पावसाळ्यात, मडगार्ड शत्रू होते. चिकण माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये ठासली जाऊन चाक जागच्या जागी अडते. शेताच्या वाटेने जाणारे शेतकरी मडगार्डे काढून ठेवतात ते विनाकारण नव्हे. डांबरी रस्त्यावर हा प्रश्न उद्भवत नाही, तरी टायर आणि मडगार्ड यांत बोटभर अंतर हवेच. एखादी काटकी पुढच्या मडगार्डात ओढली जाऊन चाक अडले तर स्वार तोंडावर आपटण्याचा धोकाही काल्पनिक नाही; म्हणूनच चांगल्या मडगार्डांच्या तारा ताण पडताच सुटाव्यात अशी योजना केलेली असते. विमानाने परदेशी सफरीस जाणाऱ्याला मडगार्डे उतरवून बांधणे ही कटकट आहे. आणि सैल बसवलेल्या मडगार्डाचा खडखडाट चारशे किलोमीटर ऐकणे हीदेखील एक शिक्षाच. या अडचणी बहुतांशी नीट न बसवल्यामुळे येतात, आणि नीट न बसण्याचे कारण बहुधा असे की सायकलीच्या चिमट्यात आणि सांगाड्यात त्यासाठी जागाच ठेवलेली नसते.

खरी अडचण ती हीच आहे. टायर झिजला तर बदलता येतो, सीट बदलता येते, पण सांगाड्यातील जागा बदलता येत नाही. २५ मिलिमीटरहून रुंद टायर मावत नाही आणि मडगार्ड अडकवण्यास भोके नाहीत अशी सायकल तरुणाने एकदा घेतली की पुढील दहा वर्षे तिच्याच मर्यादेत राहावे लागते. थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ साली दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. ज्या वस्तूकडे पाहताच ती उपयोगासाठी नाही असे दिसते तिला प्रतिष्ठा प्राप्त होते, हे त्यांचे निरीक्षण मडगार्डरहित सायकलीला किती चपखल लागू पडते ! मडगार्ड म्हणजे सायकलीने कामावर जाणे भाग आहे, याची कबुली. ते नसणे म्हणजे पाऊस असेल त्या दिवशी घरी बसण्याची सोय आहे, याची जाहिरात.

सुदैवाने बाजार थोडा हलू लागला आहे. कच्च्या रस्त्यांसाठी म्हणून ‘ग्रॅव्हल’ नावाखाली विकल्या जाणाऱ्या सायकलींत ४० मिलिमीटरच्या आसपासचे टायर मावतात आणि कित्येकींना मडगार्डासाठी भोकेही असतात. फ्रान्समध्ये ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी जे सिद्ध झाले होते ते नव्या नावाने, नव्या किमतीला परत येत आहे, ही तक्रार तूर्त बाजूला ठेवू.

सफरी भरवणाऱ्यांनी रात्रीसाठी दिवे आणि चमकणारे जाकीट सक्तीचे केले आहे, ते योग्यच आहे. मडगार्डांची बारमाही सक्ती प्रस्तुत लेखकास मान्य नाही. एप्रिलमध्ये सोलापूरच्या रस्त्यावर ती हास्यास्पद ठरेल. परंतु जून ते सप्टेंबर या काळातील, घाटमाथ्यावरून जाणाऱ्या सफरींना निदान मागचे पूर्ण मडगार्ड असावे, असा नियम एखाद्या क्लबाने करून पाहण्यास हरकत नसावी. आणि दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाने वजन व गिअरांची संख्या विचारण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : मडगार्ड बसवल्यानंतर हिच्यात किती रुंदीचा टायर मावतो, आणि मडगार्डाच्या तारा कोठे बसतात ? दुकानदारास यांची उत्तरे देता आली नाहीत तर दुसरे दुकान गाठावे.