द्राक्षांची शेकोटी आणि बाळाचा श्वास

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला, की ती वार्ता पहिल्या पानावर झळकते. मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवितात, विहिरीचे पाणी सोडतात. लाखमोलाच्या पिकासाठी घेतलेली ही दक्षता योग्यच होय. परंतु त्याच बागांत सुरगाणा, पेठ या तालुक्यांतून मजुरीस आलेली कुटुंबे बांधालगत, ताडपत्रीच्या आडोशाने हिवाळा काढतात. त्यांच्या तान्ह्या मुलाला न्यूमोनिया झाला, तर त्याची दखल प्रथम कोणी घ्यावयाची, याचे उत्तर अद्याप कोणी नीटसे दिलेले नाही.

न्यूमोनिया थंडीने होतो, ही समजूत अर्धवट आहे. तो होतो जीवाणू वा विषाणू यांच्यामुळे. दाटीवाटीचे राहणे, चुलीचा धूर आणि कुपोषण त्याला वाट करून देतात. फुप्फुसातील वायुकोश पू व द्रव यांनी भरतात आणि रक्ताला प्राणवायू मिळेनासा होतो. जीवाणूजन्य न्यूमोनियावरील औषध दुर्मिळ वा महाग नाही. अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखे जुने, स्वस्त प्रतिजैविक बहुतेक मुलांना पुरते. उणीव असते ती औषध वेळेवर पोचण्याची. आज खोकणारे बाळ उद्या-परवा दगावू शकते आणि तेवढ्यात आईची एक मजुरीही बुडालेली नसते.

हे अंतर कसे तोडावे, याचा धडा महाराष्ट्रानेच जगाला दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील 58 गावांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने निमवैद्यक कर्मचारी, गावातील आरोग्यसेवक आणि सुईणी यांना न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले. अंक न येणाऱ्या सुईणींसाठी मण्यांच्या ओळी आणि वाळूचे घड्याळ यांचे साधे उपकरण बनविले. 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचार झालेल्या बालरुग्णांपैकी 0.8 टक्के दगावले. जेथे हा प्रयोग नव्हता, त्या गावांत हेच प्रमाण 13.5 टक्के होते.

या विद्येचे मर्म श्वास मोजण्यात आहे. बाळ शांत असताना त्याच्या पोटाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास 60 वा अधिक, वर्षाच्या आतील मुलाचे 50 वा अधिक, पाच वर्षांच्या आतील मुलाचे 40 वा अधिक भरले, तर तो धोक्याचा इशारा समजावा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध ओढीत नसेल वा सुस्त पडले असेल, तर घरी थांबणे म्हणजे वेळ दवडणेच. दोन महिन्यांच्या आतील बाळाला तर कोणत्याही परिस्थितीत रुग्णालयातच नेले पाहिजे. एवढे गणित सातवीच्या विद्यार्थ्यालाही जमेल. आश्रमशाळांतून ते शिकविण्यास परिपत्रकाची वाट कशाला पाहावी?

बरे होण्याविषयीचे अज्ञान मात्र सुशिक्षितांतही कमी नाही. योग्य औषधाने ताप दोन-तीन दिवसांत उतरतो आणि उरलेल्या गोळ्या कपाटात जातात. वास्तविक ताप उतरला म्हणजे फुप्फुस साफ झाले असे नव्हे. प्रौढांत खोकला व थकवा कित्येक आठवडे रेंगाळतो; क्ष-किरण छायाचित्रातील डाग मिटण्यास दीड महिनाही लागतो. चौथ्या दिवशी कचेरीत हजर होणाऱ्या कारकुनाचे कौतुक करणाऱ्या साहेबांनी हे ध्यानी घ्यावे. रजा तरी त्याच्या खात्यावर असते. बागेतल्या मजुराला तीही नाही.

गंभीर रुग्णाला औषधाइतकाच प्राणवायू लागतो. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीची गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि किमान 22 कोविड रुग्ण प्राणास मुकले. त्या वर्षानंतर रुग्णालयांतून प्राणवायू निर्मितीचे प्रकल्प उभे राहिले. ते चालू स्थितीत ठेवणे, त्यांची देखभाल वेळच्या वेळी करणे, हे उद्घाटनाइतके आकर्षक काम नसते. बोटाला लावून प्राणवायू मोजणारे जे यंत्र त्या वर्षी शहरातील घराघरांत आले, ते आता टेबलाच्या खणात पडून आहे. प्रत्येक आशा कार्यकर्तीच्या पिशवीत ते असावयास हवे.

2021 पासून न्यूमोकोकल लस राज्याच्या नियमित लसीकरणात आली आहे. तिच्या तीन मात्रा सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात द्यावयाच्या असतात. नेमकी येथेच स्थलांतरित मुलाची पंचाईत होते. पहिली मात्रा सुरगाण्याला मिळते, दुसरीच्या वेळी आई निफाडला असते. आशा कार्यकर्तीची यादी गावच्या घरांवरून तयार होते. बांधावरच्या पालाला घर-क्रमांक नसतो. हंगामापुरती या कुटुंबांची नावे बागेच्या गावच्या यादीत घालणे, लसीकरणाचे कार्ड आईजवळच ठेवणे आणि मजूर कोठे उतरले आहेत हे बागमालकाने उपकेंद्राला कळविणे, एवढे जिल्हा परिषदेला करता येण्यासारखे आहे. छाटणीसाठी टोळ्या केव्हा येणार, हे बागाईतदारास आधीच ठाऊक असते; मुकादमाशी बोलणे तेव्हाच झालेले असते.