कुलूप नवे, प्रश्न जुने



विंडोज १० ला मिळणारी सर्वसाधारण सुरक्षा-अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. जुना संगणक बदलून नवा घेणाऱ्या सभासदांनी एका गोष्टीकडे वेळीच लक्ष द्यावे, म्हणून हा लेख.

विंडोज ११ च्या बहुतेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्कवरील सगळा मजकूर आपोआप कुलूपबंद होतो. यालाच एन्क्रिप्शन म्हणतात. लॅपटॉप चोरीस गेला तरी जमिनीचे उतारे, पासबुकांच्या प्रती चोराला वाचता येत नाहीत. फायदा मोठाच आहे. पण अडचण आल्यास मालकाने आत कसे जायचे?

पुष्कळांना वाटते की ‘आईचे माहेरचे आडनाव काय?’ अशा प्रश्नांची उत्तरे दिली की काम भागेल. विंडोजमध्ये २०१८ पासून लोकल खात्याला असे तीन प्रश्न ठेवता येतात खरे, पण त्यांनी फक्त त्या खात्याचा पासवर्ड बदलता येतो. मदरबोर्ड बदलल्यावर किंवा एखाद्या अपडेटनंतर बिटलॉकरचा निळा पडदा आला, तर तेथे ४८ अंकी रिकव्हरी कीच लागते.

ॲपलने मात्र प्रश्नांचा मार्ग वापरून पाहिला होता. २०११ च्या लायन प्रणालीत डिस्कची किल्ली ॲपलकडे ठेवता येई आणि ती तीन उत्तरांनी बंद असे. उत्तरे तंतोतंत जुळली नाहीत, तर ॲपलचाही इलाज नसे.

आपल्याकडे नेमकी येथेच पंचाईत होते. रोमन लिपीत गावडेचे स्पेलिंग कोणी ‘व्ही’ने करतो, कोणी ‘डब्ल्यू’ने. अणशी हे नावही दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेले दिसते. तालुका सुपा लिहिला होता की जोयडा? पाच वर्षांनी कोणाला आठवणार? उलट आईचे माहेर, कुलदैवत, पहिली शाळा हे सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना पाठ असते. २००८ मध्ये अमेरिकेतील उपराष्ट्रपतिपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे ईमेल खाते एका विद्यार्थ्याने अशाच प्रश्नांची उत्तरे इंटरनेटवर शोधून उघडले. म्हणजे प्रश्नांचे कुलूप परक्याला सोपे आणि मालकाला अवघड.

बँकेत लॉकरची किल्ली हरवली, तर रीतसर नोंद करून ग्राहकासमक्ष लॉकर फोडता येतो. एन्क्रिप्ट केलेली डिस्क फोडून आतले कागद मिळत नाहीत. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, तेव्हा मोठमोठ्या कार्यालयांनाही अनेक यंत्रांसाठी हीच ४८ अंकी की शोधावी लागली.

म्हणून आजच पाहावे की आपली की कोणाच्या खात्यात आहे. लॅपटॉप दुकानदाराने किंवा पुतण्याने स्वतःच्या खात्याने सुरू करून दिला असेल, तर ती त्याच्या खात्यात असू शकते. की कागदावर उतरवून दोनदा ताडून पाहावी आणि घरच्या कागदपत्रांत ठेवावी, लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे. रेंज नसलेल्या दिवशीही कागद वाचता येतो. तो कोठे आहे, हे पतिपत्नी दोघांनाही ठाऊक असावे. नॉमिनीचे नाव लावतो, तितकेच हेही आवश्यक आहे.