विंडोज ११ चालत नाही, म्हणून जुना लॅपटॉप भंगारात काढायचा?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. त्यामुळे कोणाचाही लॅपटॉप बंद पडला नाही, पण नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. नव्याने सापडणाऱ्या त्रुटी तशाच राहणार असतील, तर अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे. विंडोज ११ टाकायला जावे, तर अनेक लॅपटॉप ‘अपात्र’ ठरतात.

चांगला चालणारा लॅपटॉप अपात्र का?

विंडोज ११ ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज पुरते. अडचण आहे ती टीपीएम २.० या सुरक्षा सुविधेची आणि प्रोसेसरच्या यादीची. इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर या यादीत नाहीत. म्हणूनच २०१६ मध्ये घेतलेला, १६ जीबी रॅमचा महागडा लॅपटॉपही नापास होतो. प्रश्न वेगाचा नसून कंपनीने ठरवलेल्या सुरक्षा निकषांचा आहे.

जुगाड करून विंडोज ११ टाकता येते का?

येते. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळण्याची हमी नाही, असे मायक्रोसॉफ्टनेच स्पष्ट केले आहे. म्हणजे ज्या अपडेटसाठी हा खटाटोप, त्यांचाच भरवसा नाही.

मग लिनक्स?

लिनक्स मिंट, उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीम मोफत आहेत आणि त्यांना नियमित सुरक्षा अपडेट मिळतात. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असल्यास उत्तम. पेन ड्राइव्हवरून ती आधी चालवून पाहता येते, हार्ड डिस्कला हातही लागत नाही. वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर चालतो का, हे तेव्हाच तपासावे.

अडते कुठे?

ब्राउझर, ईमेल, ऑनलाइन क्लास, युनिकोड मराठी टायपिंग यांत फारसे अडत नाही. ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस आहे. पण टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनले आहे, फोटोशॉपही लिनक्ससाठी मिळत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमधल्या फाइल आणि डिजिटल सहीचे टोकन यांची चाचणी आधीच घ्यावी.

कोणी काय करावे?

ज्यांचे काम ब्राउझरमध्येच होते, त्यांनी नवा लॅपटॉप घेण्याआधी लिनक्स वापरून पाहावे. विंडोजच्या सॉफ्टवेअरवर रोजीरोटी असलेल्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची योजना दिली आहे. वैयक्तिक वापरकर्त्यांनी नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय होते. तोवर नव्या मशीनची तजवीज करता येईल.

लिनक्स टाकताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला, तर विंडोजसह सगळ्या फाइल जातात. त्यामुळे फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप आधी घ्यावा, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडतो का, तेही पाहावे.