गेट कुठाय?

देश जोडला गेलाय म्हणतात. ट्रायचा आकडा आहे : मार्च 2024 अखेर इंटरनेटच्या जोडण्या 95 कोटींवर. जोडणी म्हणजे माणूस नव्हे, एकाच्या खिशात दोन सिमं असतात, ते सोडा. काळाचौकीत आज ज्याच्या खोलीत संडास नाही त्याच्याही हातात नेट आहे. मीही त्यातलाच. रात्री दोनला खोलीत सात माणसं झोपलेली, आणि माझ्या तोंडावर निळा उजेड. बोट घासतोय, घासतोय. तेव्हा हा उपदेश नाही. कबुली आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतला एक पोरगा लोकांचं जेवण पोचवताना गाडीवरून घसरला. पाय मुरगळला. दोन ऑर्डरी थंड झाल्या. दुसऱ्या दिवशी त्याचा आयडी बंद. कारण नाही, चिठ्ठी नाही, समोर माणूस नाही. फोन लावला तर रेकॉर्डवरची बाई गोड बोलते. आमच्या ग्रुपात चारशेवर मेंबर. त्यानं सगळं लिहिलं. दहा मिनिटांत दीडशे लालबुंद चेहरे. 'कडक भावा', 'लढ मर्दा'. मी पण एक मूठ टाकली. पिवळी, फुकटातली मूठ. रविवारी शहीद भगतसिंग मैदानात भेटायचं ठरलं. आले पाच. त्यातला एक लंगडत आला, तो तोच.

पाचजण बसलो आणि पहिलाच सवाल आडवा आला : मोर्चा न्यायचा कुठं?

घरी आजाला सांगितलं. आजा गिरणीत त्रासनखात्यात बदली होता. पहाटे गेटवर उभं राहायचं, काम मिळालं तर आत, नाय तर माघारी. तो म्हणाला, "अरं, ही तर आमचीच बदली. आमी गेटवर हुबे राहायचो, तुमी फोनकडं बघत बसता. पर आमाला गेट तरी व्हतं."

शब्द डोक्यात रुतला. गिरणीला गेट होतं. तिथं सभा व्हायची. ते अडवता यायचं. मालकाची गाडी त्यातूनच जायची. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हा बंद गेटं अख्ख्या मुंबईला दिसली. संप बुडाला, गिरण्या गेल्या, टॉवर आले, ते वेगळं. पण भांडायचं कुणाशी, हे तेव्हा ठाऊक होतं. ॲपला गेटच नाही. जॉबर कोण, पैसे कापतो कोण, मालक बसतो कुठं, पत्ता नाही. आपण मात्र चोवीस तास त्याच्या हजेरीवर.

आणि गेटच्या आत तरी सगळे सारखे होते काय? नव्हते. विणकामात मजुरी जास्त, तिथं अस्पृश्याला बंदी. का? तर धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागायचा. आपल्या थुंकीनं सूत बाटतं ना! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. आता या 2022 ला. जून महिना, लखनौ. जेवण आणणारा पोरगा दलित आहे कळल्यावर जेवण नाकारलं, त्याला मारलं, अशी फिर्याद पोलिसांत नोंदली गेली. थुंकीवरून हातावर. चौऱ्याण्णव वर्षांत एवढीच मजल. नवी तार, जुनाच विटाळ. लग्न जुळवायच्या साईटी उघडा, जातीचा रकाना तयार असतो.

मग मोबाईल गटारात फेकायचा? मुळीच नाही.

29 सप्टेंबर 2006. खैरलांजी. एका घरातली चार माणसं ठेचून मारली. मोठ्या पेपरांनी कित्येक आठवडे धड दखल घेतली नाही. तेव्हा नेट स्वस्त नव्हतं. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजावे लागत. पण आपल्या लोकांनी सत्यशोधनाचे अहवाल ईमेलवर फिरवले, ब्लॉगवर टाकले, एसेमेस केले. नोव्हेंबरात महाराष्ट्र रस्त्यावर आला. तारा कमी होत्या, आवाज मोठा होता. कारण मेल वाचणारा माणूस वाचून उठत होता. आज आपण वाचतो, अंगठा दाबतो, आणि कूस बदलतो. राग आला, राग दाखवला, राग संपला. हा धंदाच तसा आहे : तुमचा संताप जितका वेळ पडद्यावर राहील तितकी त्यांची कमाई, आणि तितका तो रस्त्यावरून कमी.

राजस्थानात 2023 ला, कर्नाटकात 2025 ला असल्या कामगारांसाठी वेगळे कायदे झाले. ते अंगठे दाबून झाले नाहीत. संघटना उभ्या राहिल्या, मागे लागल्या, तेव्हा झाले.

तेव्हा दोस्तांनो, काम साधं आहे. ज्याचा आयडी बंद झाला त्यानं त्याच दिवशी पडद्याचा फोटो काढावा. तारीख, वेळ, कमाई, कापलेला पैसा, सगळं एका वहीत उतरवायचं. वही आम्ही घातलीय. पहिल्या पानावर लंगडणाऱ्या पोराचं नाव आहे. लालबाग, परळ, शिवडीतल्या पोरांनी आपापल्या वह्या घालाव्यात. ग्रुपात मूठ टाकायची नाही. ग्रुपात फक्त ठिकाण आणि वेळ टाकायची.

त्यांनी गेट ठेवलं नाही. हरकत नाही. जिथं आपण पन्नास जण उभे राहू, तिथं गेट.

रविवार. पाच वाजता. मैदान तेच.

मागच्या वेळी पाच होतो. मी मोजणार आहे.